तहाच्या टेबलावर आपला माणूस कुठाय?



यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मुरुडच्या आमच्या बौद्धवाडीत एका झेंड्यावरनं भांडण झालं. विहारातलं भांडण विहारातच मिटवा, बाहेर बोभाटा नको, असं चार जाणत्यांचं म्हणणं पडलं. पण विहारात झाकून ठेवलेली गोष्ट डोक्यात सडत राहते. म्हणून लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

झालं असं. पोरांनी पंचरंगी धम्मध्वजाच्या शेजारी श्रीलंकेचा झेंडा लावायचं ठरवलं. बौद्ध राष्ट्राचा झेंडा म्हणून. फ्लेक्सही छापून आणला. वर तथागत, खाली बाबासाहेब, बाजूला लंकेचा झेंडा, आणि तळाला भारत सरकारचे आभार. कशाबद्दल? तर सरकार बौद्ध देशांशी मैत्री वाढवतंय, अस्थिधातू तिकडं दर्शनाला पाठवतंय, त्याबद्दल. फ्लेक्स बांधायला दोन पोरं खांबावर चढली आणि खालनं आबा ओरडले,

"पंचरंगी लावा. निळा लावा. ह्यो लावू नका. ह्याच्यावर तलवार हाय."

पोरं हसली. म्हाताऱ्याला काय कळतंय. पण तुम्ही तो झेंडा एकदा नीट बघा. सिंह आहे, सिंहाच्या पंजात तलवार आहे, आणि चार कोपऱ्यांत चार पिंपळपानं आहेत. बोधिवृक्षाची पानं आणि तलवार एकाच कापडावर. बाजूला दोन पट्टे आहेत, एक हिरवा, एक भगवा. हिरवा मुसलमानांचा, भगवा तामिळांचा. हे दोन्ही पट्टे सिंहाच्या चौकटीच्या बाहेर. चौकटीच्या बाहेर राहणं म्हंजे काय, हे गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आबांना ही तलवार ठाऊक होती, कारण आबा १९८७ साली लंकेत होते. महार रेजिमेंटमध्ये. दापोली तालुक्यात ह्याचं कुणाला नवल नाही. इंग्रजाच्या पलटणीतनं पेन्शनीत आलेल्या आपल्या माणसांची दापोली कॅम्पात वस्तीच होती. सुभेदार रामजी तिथं राहिले, बाबासाहेबांचं पोरवय काही काळ तिथं गेलं. इंग्रजानं महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीतनंच १८९४ च्या सुमाराला सरकारला अर्ज लिहिला. पुढं बाबासाहेब भांडले. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. म्हंजे बंदूक आपल्या हातात आली ती कुणी प्रेमानं दिली म्हणून नाही. पन्नास वर्षं अर्ज-विनंत्या करून, भांडून आली.

पण बंदूक कुणावर रोखायची हे जिथं ठरतं, त्या टेबलावर आपण कधी बसलो?

आबांनी त्या दिवशी विहाराच्या पायरीवर बसून सांगितलं ते असं: "आमाला बोलले, शांतता राखायला चाललाव. इमानातनं उतरलाव तवा लोकांनी हार घातले. बाया पानी घेऊन आल्या. आनि अडीच म्हयन्यात त्याच गल्लीत आमी गोळ्या घालत होताव. कुनावर घालताव ते पन कळत नव्हतं. सगळे सारखेच दिसायचे. आमच्यासारकेच काळे." एवढं बोलून आबा गप्प झाले. पोरंही गप्प झाली. तो फ्लेक्स अजून विहाराच्या माळ्यावर गुंडाळून पडलाय.

आता प्रश्न असा, की आबांना तिथं कुणी पाठवलं आणि कशासाठी?

दिल्लीनं पाठवलं. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तामिळांची घरं-दुकानं वेचून वेचून जाळली गेली, माणसं मारली गेली. त्याआधी १९८१ साली जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं होतं, नव्वद हजारांवर पुस्तकं राख झाली. पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बापाची लेकरं आपण, आपल्याला ह्या आगीचा अर्थ वेगळा सांगायला नको. तामिळ लोक होड्यांतनं रामेश्वरमला यायला लागले. तेव्हा दिल्लीनं काय केलं? एका हातानं तामिळ पोरांच्या गटांना चोरून हत्यारं आणि ट्रेनिंग दिलं, दुसऱ्या हातानं मध्यस्थाची पगडी डोक्यावर घातली. १९८५ च्या जुलै-ऑगस्टात भूतानच्या थिम्फूला बोलणी बसवली. तामिळ गटांनी तिथं चार मागण्या एकत्र मांडल्या: आम्ही एक राष्ट्रसमूह आहोत हे माना, आमची भूमी माना, आमचा स्वयंनिर्णय माना, आणि चौथी, ह्या बेटाला आपला देश मानणाऱ्या सगळ्या तामिळांना नागरिकत्व द्या. कोलंबोनं पहिल्या तीन धुडकावून लावल्या, चौथीचंही तिथं काही झालं नाही. बोलणी मोडली. ही चौथी मागणी ध्यानात ठेवा, तिच्याकडं परत यायचं आहे.

मग आला २९ जुलै १९८७ चा करार. सह्या दोघांच्या: राजीव गांधी आणि जयवर्धने. ज्यांच्या मरणावर करार झाला त्या तामिळांची सही नाही. सिंहली जनतेलाही कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना कोलंबोत एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. असल्या करारावर शांतिसेना नावाचं लेबल चिकटवून फौज उतरवली. ऑक्टोबरात तीच फौज ज्यांना कालपर्यंत दिल्ली हत्यारं देत होती त्या वाघांशी लढायला लागली. २१ आणि २२ ऑक्टोबरला जाफन्याच्या हॉस्पिटलात आपल्या फौजेच्या गोळ्यांनी डॉक्टर, नर्सा, आजारी माणसं मेली. तिथले लोक त्यांची आठवण अजून दरसाल करतात. इकडं कुणाला ती तारीख माहीत नाही.

आणि २५ नोव्हेंबर १९८७. मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार बटालियन. मुंबईत जन्मलेला, तामिळ घरातला माणूस. छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिला आणि मेला. परमवीर चक्र मिळालं. त्या माणसाच्या शौर्याला आपला मानाचा जयभीम. पण चित्र बघा दोस्तांनो: तामिळ घरातला मेजर, महारांच्या नावाची पलटण, आणि समोर तामिळ पोरं. हे तिघं एकमेकांसमोर कुणी उभे केले? ज्यांनी केले ते दिल्लीत आणि कोलंबोत जेवत होते.

सुमारे बाराशे भारतीय जवान तिथं मेले. तामिळ किती मेले ह्याचा हिशोब दिल्लीनं कधी मांडला नाही. पुढं प्रेमदासा कोलंबोत गादीवर आला, त्यानं तर वाघांशी बोलणी लावली, त्यांना हत्यारं पुरवली आणि भारताच्या फौजेला चालतं व्हायला सांगितलं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली. मद्रासच्या बंदरावर स्वागताला तिथला मुख्यमंत्री आला नाही. मेलेल्यांचं स्मारकही आधी श्रीलंकेच्या सरकारनं कोलंबोजवळ बांधलं. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक उभं राहायला २०१९ साल उजाडलं. आणि १९९१ साली श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा खून झाल्यावर दिल्लीनं लंकेवरनं हातच झटकले.

पुढचं थोडक्यात. २००२ साली नॉर्वेनं मध्ये पडून युद्धबंदी केली, बोलणीच्या सहा फेऱ्या झाल्या, एप्रिल २००३ मध्ये वाघ उठून गेले आणि बोलणी अडकली ती अडकलीच. तिथल्या मुसलमानांनी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितलं होतं, ते दोघांनीही दिलं नाही. मे २००९ मध्ये मुल्लिवाइक्कालच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर युद्ध संपलं. त्या शेवटच्या काही महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत सामान्य माणसं मेली असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ साली नोंदवली. प्रेतं थंड होतायत तोच, २७ मे २००९ ला, जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत ठराव आला: श्रीलंकेनं स्वतःच आणलेला, स्वतःची पाठ थोपटणारा. भारतानं बाजूनं मत दिलं. मग २०१२ आणि २०१३ ला विरोधात जाऊन चौकशीच्या बाजूनं मत दिलं. २०१४ ला तटस्थ. २०२१ ला तटस्थ. २०२२ ला तटस्थ.

तटस्थ! काय गोड शब्द आहे. खैरलांजीत २००६ च्या सप्टेंबरात भोतमांगेंच्या घरावर जमाव चालून आला तेव्हा गावातली बाकीची घरं तटस्थच होती. आपल्याला तटस्थ शेजारी म्हंजे काय हे पुस्तकातनं शिकायला लागत नाही. मार खाणारा आणि मारणारा ह्यांच्या मधोमध उभा राहणारा माणूस मधोमध नसतोच. तो मारणाऱ्याच्या बाजूला उभा असतो, फक्त हात खिशात घालून.

दिल्लीवाले म्हणतील, आमची भूमिका बदललेली नाही, तेराव्या दुरुस्तीची पूर्ण अंमलबजावणी व्हावी असं आम्ही दरवेळी सांगतो. सांगतात खरं. १९८७ च्या करारातनं लंकेच्या घटनेत ही तेरावी दुरुस्ती आली, प्रांतांना कौन्सिलं मिळायची होती. जमीन आणि पोलीस हे अधिकार कागदावरच राहिले. उत्तर आणि पूर्व प्रांतांचं जोडकाम कोर्टानं २००६ साली रद्द केलं. उत्तरेच्या कौन्सिलची पहिली निवडणूक व्हायला २०१३ उजाडलं, २०१८ ला मुदत संपली, आणि पुढं वर्षामागून वर्षं गेली तरी निवडणूक नाही. एप्रिल २०२५ मध्ये आपले पंतप्रधान कोलंबोला गेले, पदक गळ्यात घातलं, संरक्षणाचा करार केला, आणि घटनेच्या पूर्ण अंमलबजावणीचं तेच वाक्य पुन्हा बोलले. इकडं किलिनोच्चीत बेपत्ता पोरांच्या आया फेब्रुवारी २०१७ पासून फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्या. फौजेच्या ताब्यात दिलेलं आमचं पोर कुठाय, एवढंच विचारायला. त्या वाक्यानं त्यांच्यातल्या एकीलाही उत्तर मिळालं नाही.

आता त्या चौथ्या मागणीकडं या. माझं भांडण खरं तिथं आहे.

लंकेच्या मधल्या डोंगरात चहाचे मळे आहेत. त्या मळ्यांवर राबणारी माणसं इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतनं नेली. आधी कॉफीला, मग चहाला. कोण होती ही माणसं? बहुतेक पल्लर, परैयर, चक्किलियर. म्हंजे तिकडचे आपणच. दुष्काळात, कर्जात, मुकादमाच्या दोरीला बांधून नेलेले. तिकडं मुकादमाला कंगाणी म्हणतात एवढाच फरक. बराकीची लांबच लांब लाइन, एका खोलीत एक कुटुंब. आपल्या बापजाद्यांनी मुंबईला गिरणीच्या चाळीत काढलं तसंच, फक्त मुंबईहून मुरुडला होळीला येता तरी येत होतं.

१९४८ साली सिलोन स्वतंत्र झालं. स्वतंत्र झाल्या वर्षीच नागरिकत्वाचा कायदा केला आणि ह्या सुमारे सात लाख माणसांना परकं ठरवलं. पुढच्या वर्षी त्यांचं मतही गेलं. हे करताना जाफन्याचे उच्चवर्णीय तामिळ पुढारीही सगळे काही त्यांच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. आणि दिल्ली? दिल्ली सोळा वर्षं बोलणी करत राहिली. मग ३० ऑक्टोबर १९६४ ला लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके ह्यांनी करार केला. आकडे वाचा आणि पाठ करा. एकूण माणसं ९ लाख ७५ हजार. त्यातली ५ लाख २५ हजार भारताची. ३ लाख सिलोनची. उरली दीड लाख, त्यांचं नंतर बघू. नंतर १९७४ साली बघितलं: इंदिरा गांधी आणि सिरिमावो, पंचाहत्तर हजार तुला, पंचाहत्तर हजार मला.

माणसांची वाटणी! भावाभावांत आंब्याची कलमं वाटतात तशी. कलमं वाटतानासुद्धा गावात पंच बोलावतात. ह्या नऊ लाख पंचाहत्तर हजारांतल्या एकालाही त्या टेबलावर खुर्ची नव्हती. ज्यांनी डोंगर फोडून मळे केले, ज्यांची चार पिढ्यांची हाडं तिथं पुरली, त्यांना रामेश्वरमच्या बोटीत बसवून एका अशा मायदेशी पाठवलं, जिथं त्यांची जात त्यांची वाट बघत उभी होती. निलगिरीत तामिळनाडू सरकारनं चहाचे मळे काढले आणि ह्यांतल्या कितीकांना पुन्हा तेच काम दिलं. मळा बदलला, पाठीवरची टोपली तीच. १९८४ ला युद्धामुळं बोट बंद पडली आणि राहिलेले तिकडंच अडकले, ना ह्या देशाचे ना त्या. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सोडवणारा लंकेतला कायदा व्हायला २००३ साल लागलं. पंचावन्न वर्षं.

थिम्फूची चौथी मागणी ह्यांची होती. मी आजवर शंभर सभांना गेलो असेन. एकाही वक्त्याच्या तोंडनं मी ५ लाख २५ हजार हा आकडा ऐकला नाही.

का नाही ऐकला? कारण आपल्याला लंका म्हटलं की अनुराधापूरचा बोधिवृक्ष दिसतो, दंतधातू दिसतो. ते सगळं खरं आहे, आपलंही आहे. आपण लावतो तो पंचरंगी ध्वजसुद्धा १८८५ साली कोलंबोतच तयार झाला. पण त्याच्या आडनं जे चालतं त्याकडं डोळेझाक करायची हे बुद्धानं कुठं शिकवलं?

१९५६ साल आठवा. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं. त्याच वर्षी जूनमध्ये, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाचा जल्लोष चालू असताना, कोलंबोच्या पार्लमेंटनं सिंहली हीच एक राजभाषा असा कायदा केला आणि तामिळ बोलणाऱ्याला ऑफिसच्या दारात मुका केला. एकच बुद्ध, एकच वर्ष. इथं त्याच्या नावानं अस्पृश्य माणूस आत आला, तिथं त्याच्याच नावानं शेजारचा माणूस बाहेर गेला. १९५७ साली बंदरनायके आणि चेल्वनायकम् ह्यांच्यात तह झाला होता. तामिळ भागाला थोडे अधिकार मिळणार होते. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानाच्या घरासमोर जाऊन बसले आणि तो तह फाडायला लावला. पुढच्या वर्षी त्याच बंदरनायकेंना गोळी घातली ती चीवर नेसलेल्या एका भिक्खूनंच. २००४ साली एका पक्षानं भिक्खूच उमेदवार उभे केले, नऊ निवडून आले, आणि नॉर्वेच्या बोलणीला त्यांचा कडवा विरोध. कँडीचा सियाम निकाय अठराव्या शतकापासून गोविगाम ह्या वरच्या जातीच्याच पोरांना उपसंपदा देत आला. बाकीच्या जातींना १८०० च्या सुमाराला ब्रह्मदेशातनं दीक्षा आणून वेगळा निकाय काढावा लागला. जात! बुद्धाच्या संघात! आणि आपण त्यांच्या झेंड्याचा फ्लेक्स छापतो!

बाबासाहेब १९५० साली कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. कोलंबोच्या टाउन हॉलात बोलताना त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्मात यायला सांगितलं, आणि तिथल्या बौद्धांना सांगितलं, की ह्यांना बापाच्या मायेनं जवळ करा. म्हंजे लंकेत गेल्यावरही त्या माणसाची नजर आधी कुठं गेली बघा. ज्यांचं नागरिकत्व दोनच वर्षांपूर्वी हिसकावलं होतं, त्या मळ्यांवर बहुतेक तीच माणसं होती. त्यांना बापाची माया दिली का बौद्ध राष्ट्रानं? वाटणी दिली.

आणि दिल्लीचा बुद्ध तर त्याहून भारी. तो परराष्ट्र खात्यात नोकरीला आहे. २०२० साली श्रीलंकेशी बौद्ध संबंध वाढवायला दीड कोटी डॉलर जाहीर झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुशीनगरचा विमानतळ उघडला, पहिलं विमान कोलंबोहून भिक्खूंना घेऊन आलं. छान. पण बुद्धगयेचं महाविहार? तिथं १९४९ च्या कायद्यानं कमिटीत निम्मे हिंदू बसवलेत आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०२५ साली भिक्खू उपोषणाला बसले, तेव्हा बुद्धाच्या नावानं विमानं उडवणाऱ्यांना ऐकू आलं नाही. बाहेर दाखवायला बुद्ध, घरात कुलूप. आणि आपण फ्लेक्सवर आभार मानतो.

काही दोस्त म्हणतील, तामिळ तरी कोण मोठे? ते हिंदू. त्यांच्या देवळात आपल्याला बंदी. बरोबर. जाफन्याचे वेल्लाळर काही धुतल्या तांदळाचे नाहीत. १९६८ साली मावीट्टपुरमच्या कंदस्वामी देवळात तिथले पंचमर आत जायला निघाले, तेव्हा वेल्लाळरांनी दार अडवलं. आणि दार अडवणाऱ्यांचा म्होरक्या कोण? एक माजी प्रोफेसर, माजी मंत्री. काळारामाच्या दाराची आठवण येते का? वाघांनीही काही सगळ्यांची मुक्ती केली नाही. १९९० साली उत्तरेतल्या मुसलमानांना काही तासांच्या नोटिशीवर घरं सोडायला लावली, शाळेतल्या पोरांच्या हातात बंदुका दिल्या. हे मी झाकत नाही. उलट माझं म्हणणंच ते आहे. तिथं दोन बाजू नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या खाली दबलेली एक तिसरी बाजू होती: मळ्यातली बाई, देवळाबाहेरचा पंचमर, हाकललेला मुसलमान, आणि सिंहली खेड्यातली ती गरीब पोरंसुद्धा, ज्यांना १९८७ ते ८९ च्या बंडात त्यांच्याच सरकारनं हजारांनी मारलं. आपण त्या तिसऱ्या बाजूचे. आपला पक्ष जन्मानंच ठरलेला आहे. हिंदू-बौद्ध असा हिशोब मांडायला आपण काय भटजी आहोत?

अजून एक म्हणतात, परराष्ट्र धोरण आपला विषय नाही, आपलं आधी स्कॉलरशिपचं बघू. अरे, बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर १९५१ ला राजीनाम्याच्या निवेदनात जी कारणं दिली, त्यात परराष्ट्र धोरण हे एक कारण होतं. साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातले एकशेऐंशी कोटी लष्करावर जातात, तर गरिबाला काय उरतं, हा त्यांचा हिशोब होता. स्कॉलरशिपचाच हिशोब आहे तो. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते पुन्हा बोलले. देश तोडून, माणसं वाटून विकत घेतलेली शांतता ही कसली शांतता, असा त्यांचा सवाल होता. नेहरूंच्या पंचशीलाचीही त्यांनी तिथंच झडती घेतली. बुद्धाचा शब्द राजकारण्याच्या तोंडात आला की त्याची झडती घ्यायची, हा धडा बापानं घालून दिला. आपण फ्लेक्स छापतो!

गोलमेज परिषदेला बाबासाहेब गेले ते कशासाठी? स्वराज्य नको होतं म्हणून? नाही. इंग्रज आणि काँग्रेस ह्या दोघांच्या तहात अस्पृश्याची वाटणी होऊ नये म्हणून. आमच्याबद्दल बोलणार असाल तर आम्हाला खुर्ची द्या. हीच फूटपट्टी. ती लंकेला लावा, पॅलेस्टाइनला लावा, युक्रेनला लावा. कुठल्याही तहाच्या टेबलाकडं बघून पहिला सवाल हा: सगळ्यात खालचा माणूस इथं बसलाय का? नसेल तर तो तह नाही, सौदा आहे.

आमच्या मुरुडचंच बघा. जाहिरातीत असतं, शांत, निवांत गाव. नारळी-पोफळी, समुद्र. ह्याच शांत गावानं धोंडो केशव कर्व्यांना विधवेशी लग्न केलं म्हणून १८९३ साली वाळीत टाकलं होतं. तो तर ब्राह्मण होता. आपली काय कथा? त्या वेळीही गाव शांतच होतं. वाळीत टाकूनही शांतता होते. कबरस्तानातही असते. लंकेत २००९ पासून आहे ती कुठल्या जातीची शांतता, ते किलिनोच्चीच्या आयांना विचारा.

मग करायचं काय? नुसतं बोंबलून होत नाही.

एक. तामिळनाडूच्या छावण्यांत लंकेचे पन्नास हजारांवर निर्वासित पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिले. तिथंच जन्मलेली पोरं तिथंच म्हातारी व्हायला लागली. त्यातली बरीच मूळची त्याच मळ्यांवरची. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान आहे, बांगलादेश आहे, अफगाणिस्तान आहे, श्रीलंका नाही. ह्या माणसांना नागरिकत्व द्या, ही मागणी आपल्या मोर्च्यात, आपल्या निवेदनात आलीच पाहिजे.

दोन. जिनिव्हात भारतानं तटस्थ बसू नये. बेपत्ता माणसांची चौकशी आणि प्रांतांच्या निवडणुका, ह्यावर सरळ मत द्यावं.

तीन. शांतिसेनेत गेलेल्या आपल्या जुन्या जवानांना गाठा, त्यांचं लिहून घ्या. वाडी-वाडीत एखादा आबा आहे. ते मरायच्या आत लिहून घ्या. सरकारी इतिहास त्यांचं शौर्य सांगील, त्यांची झोप का उडाली ते सांगणार नाही.

चार. लंकेचे भिक्खू आपल्या विहारात आले तर त्यांना वंदन करा, दान द्या. आणि मग समोर बसून विचारा: भन्ते, मळ्यावरच्या माणसांचं काय झालं? १९५७ चा तह कुणी फाडला? जो भन्ते हा प्रश्न ऐकून घेईल तो आपला. तिथंही असे आहेत. त्यांचे हात बळकट करायचे तर आपण मुकं राहून चालणार नाही.

पुढच्या रविवारी आमच्या विहारात पुन्हा बैठक आहे. माळ्यावरच्या फ्लेक्सचं काय करायचं ते ठरणार आहे. तिघे-चौघे अजून म्हणतात, छापायला पैसे गेलेत, लावून टाकू. आबा म्हणतात, ते येणार आहेत आणि खांबाखाली बसणार आहेत. मीही त्यांच्या शेजारी बसणार आहे. तुमच्या गावात असा फ्लेक्स असेल तर तुम्ही कुठं बसणार, ते आजच ठरवा.

जयभीम.